वखारीतला उजेड

एका घाटमाथ्यावरच्या पेठेत एकदा एक मसाल्याचा व्यापारी राहत होता. त्याच्या वखारीत मिरी, सुंठ, लवंग, सुकी मिरची आणि वेलदोडे यांची पोती पार आढ्यापर्यंत रचलेली असत. अशा गोष्टींतल्या माणसांना बहुधा नावं नसतात. व्यापाऱ्याला शेठजी म्हटलं की भागतं, आणि वृद्ध ज्ञान्याला महाराज म्हटलं की पुरतं. या गोष्टीत मात्र एका माणसाला नाव आहे. त्याचं नाव सटवाजी. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

सटवाजी हा वखारीचा राखणदार. ऐन तारुण्यात तो त्या दाराशी येऊन बसला आणि तिथेच त्याचे केस पांढरे झाले. वखारीला लागूनच शेठजींच्या जागेत त्याची झोपडी होती. तिथे तो आणि त्याची बायको राहत. वखारीची किल्ली त्याच्या कमरेला असे. दार उघडायचं आणि लावायचं, एवढं त्याचं काम. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची मात्र त्याला मुभा नव्हती. राखणदाराने माल राखावा, माल पाहू नये, असा शेठजींचा दंडक होता.

एका वर्षी वेलदोड्यांची पोती हलकी होऊ लागली. एकदम नव्हे, थोडी थोडी. दार शाबूत, कोयंडा शाबूत, कुलपावर ओरखडासुद्धा नाही, आणि पोती मात्र हलकी. शेठजींनी पुष्कळ विचार केला, आणि विचार करून दमलेल्या माणसाला जे सर्वांत जवळ दिसतं तेच त्यांना दिसलं. किल्ली सटवाजीकडे, तेव्हा चोरही सटवाजीच. ते त्याला तोंडावर चोर म्हणाले नाहीत. भल्या घरचे होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "सटवाजी, तुझं आता वय झालं. अमावास्येपर्यंत झोपडी रिकामी कर." सटवाजीला जे समजायचं ते समजलं. पेठेलाही समजलं. दुसऱ्या दिवशी वाण्याने त्याला उधार मीठ दिलं नाही.

आता राखणदार गेला म्हणजे त्याच्या जागी काहीतरी हवं. शेठजींनी चौकशी सुरू केली, आणि चौकशी सुरू केली की विकणारे आपोआप येतात. राजधानीहून एक कारागीर आला. त्याच्याकडे सात पाकळ्यांचं कुलूप होतं; प्रत्येक पाकळीला निराळी किल्ली, आणि चुकीची किल्ली लावली की आत घंटा वाजे. वस्तू अपूर्व होती, पण तिची किंमत मोजायची तर हंगामाचे वेलदोडे विकावे लागले असते. म्हणजे वेलदोडे राखण्यासाठी वेलदोडेच घालवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे शेठजींना, स्वतः मसालेवाले असूनही, परवडेना. मग जत्रेतला एक फिरता विक्रेता आला. त्याचं कुलूप स्वस्त होतं. शेठजींच्या सुनेने ते केसांतल्या आकड्याने उघडून दाखवलं आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

महाग घ्यावं तर कंबर मोडते, स्वस्त घ्यावं तर कुलूप मोडतं, अशा कोंडीत सापडलेले शेठजी शेवटी ओढ्याकाठच्या मठीत गेले. तिथे एक वृद्ध ज्ञानी राहत. त्यांच्याजवळ एक शिष्य होता. त्याने नुकताच तर्कशास्त्राचा अभ्यास पुरा केला होता, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात आणि त्या दोन्ही आपल्याला ठाऊक असतात, अशी त्याची त्या काळात खात्री होती.

शेठजींनी सारी हकीकत सांगितली. शिष्य लगेच म्हणाला, "गुरुदेव, हे सरळ आहे. राखणदाराचा पगार वाचणार आहे. त्या पगारात सात पाकळ्यांचं कुलूप कालांतराने फिटेल. शिवाय कुलूप म्हातारं होत नाही."

वृद्ध म्हणाले, "गंजतं." मग शेठजींकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी आम्ही वखार पाहायला येतो."

दुसरा दिवस अमावास्येचा. सटवाजी वखारीच्या फाटकाशी दगडावर बसला होता. झोपडीत त्याच्या संसाराचं बोचकं बांधून तयार होतं. किल्ली मालकाच्या हाती दिली की तो निघणार होता. कुठे जाणार, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

वृद्धांनी किल्ली मागून घेतली, वखारीभोवती एक फेरी मारली आणि शेठजींना म्हणाले, "आता आपण आत जाऊन बसा. दिवा घेऊ नका. आम्ही बाहेरून कुलूप लावतो."

"मी? आत?" शेठजी दचकले. "महाराज, चोराला बाहेर ठेवायचंय. मला आत ठेवून काय उपयोग?"

"माझं ओढ्यावरचं स्नान उरकेपर्यंत बसा."

मोठ्या माणसाला नाही म्हणणं शेठजींना जमत नसे. ते आत गेले. दार लागलं. वृद्धांनी किल्ली शिष्याच्या हाती दिली आणि त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बजावलं, "शेठजी दार उघडा म्हणतील, तेव्हा उघडू नकोस. मला बाहेर काढा म्हणतील, तरी नको. ज्या क्षणी ते कुणा माणसाला नावाने हाक मारतील, त्या क्षणी ही किल्ली त्या माणसाच्या हातात दे."

"आणि तो माणूस पेठेच्या दुसऱ्या टोकाला असला तर?"

"संकटात माणूस लांबच्याला हाक मारत नाही," वृद्ध म्हणाले आणि ओढ्याकडे चालू लागले.

शिष्य दारापाशी उभा राहिला. शेठजींच्या कंजूषपणाची ही शिक्षा असावी, असा तर्क त्याने केला आणि तो आपल्या तर्कावर खूश झाला.

आत शेठजींना प्रथम काहीच दिसेना. या वखारीत ते हजारदा आले होते. पण येताना दार उघडं असे, हातात दिवा असे, आणि डोळे पोती मोजत असत. दार लावलेली आपली वखार त्यांनी कधी आतून पाहिलेलीच नव्हती. हळूहळू डोळे सरावले. आणि मग त्यांना उजेड दिसला. समोरच्या जाड शिसवी दारातून उजेडाचा कणही येत नव्हता. पण वर आढ्याजवळ दोन कौलं सरकली होती, तिथून एक लख्ख पट्टा उतरला होता. आणि मागच्या भिंतीच्या तळाशी, वेलदोड्यांच्या पोत्यांमागून, जमिनीवर उजेडाचं एक थारोळं पडलं होतं.

शेठजी गडबडीने तिकडे निघाले. अंधारात त्यांनी रचलेल्या पोत्यांवर पाय दिला. वरचं पोतं घसरलं, खालच्यावर आदळलं आणि फुटलं. ते सुक्या मिरचीचं होतं.

मिरचीचा ठसका ज्याला लागला आहे त्याला पुढचं सांगायला नको. बंद वखारीत लाल भुकटीचा लोट उठला. शेठजींच्या डोळ्यांची आग झाली, श्वास अडकला, छाती भात्यासारखी हलू लागली. ते चाचपडत दाराशी आले आणि त्यांनी दार बडवलं. "दार उघडा!" ते ओरडले. शिष्याने किल्ली घट्ट धरली. "अरे, कोण आहे तिकडे? बाहेर काढा मला! महाराज!" शिष्याच्या कपाळाला घाम फुटला. महाराज हे नाव नव्हे, असं त्याचं तर्कशास्त्र सांगत होतं. पण आतला खोकला ऐकून त्याचा हात कुलपाकडे निघालाच होता.

तेवढ्यात आतून एक घोगरी, रडवेली हाक आली.

"सटवाजी! सटवाजी, धाव रे!"

शिष्य वळला, तर सटवाजी त्याच्यामागे उभाच होता. पहिल्या हाकेलाच तो धावला होता. शिष्याने किल्ली पुढे केली. सटवाजीने ती हिसकावूनच घेतली, दार उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच तो उंबरठा ओलांडून आत गेला. शेठजींना काखेत धरून त्याने बाहेर आणलं, झाडाखाली बसवलं, आपल्या पागोट्याचं टोक भिजवून त्यांचे डोळे पुसले. तोंडाने तो एकसारखं म्हणत होता, "हळू, मालक. हळूहळू श्वास घ्या. काय व्हत न्हाई."

वृद्ध परतले तेव्हा शेठजींना बोलता येऊ लागलं होतं.

"काय पाहिलंत?" वृद्धांनी विचारलं.

"उजेड," शेठजी म्हणाले.

सगळे मागच्या भिंतीकडे गेले. तळाचे दगड नुसते बसवलेले होते. हाताने ओढताच बाहेर आले. पलीकडे वेलदोड्यांचं पोतं दिसत होतं आणि भिंतीकडच्या बाजूने त्याला एक नीटस चीर दिलेली होती. चोर दाराकडे कधी फिरकलाच नव्हता. तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शेठजी मान खाली घालून उभे राहिले. शिष्याला मात्र राहवेना. "गुरुदेव, भोकं दिसावीत म्हणून त्यांना आत बसवलंत, हे आता समजलं. पण नावाची अट कशासाठी?"

वृद्ध म्हणाले, "अरे, जो आत असतो तो दार लावत नाही, आणि जो दार लावतो तो आत नसतो. म्हणून वखारीची खरी तपासणी कधी होतच नाही. शेठजी, चोर कुठून येतो हे ठाऊक नसताना चोर कोण हे आपण ठरवून टाकलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सात पाकळ्यांचं कुलूप लावलं असतंत तरी ते दारावरच लावलं असतंत ना? आधी हे दगड चुन्यात बसवा, कौलं सारखी करा. त्याला फारसा खर्च नाही. मग सुंठ-मिरचीला कुलपात न ठेवता फक्त वेलदोड्यांना एक लहान खोली करा. लहान दाराला मध्यम कुलूप पुरतं. आणि आतून उघडेल अशी एक कडी ठेवा. जे दार चोराला आत येऊ देत नाही पण मालकाला बाहेरही जाऊ देत नाही, ते राखण करत नाही, कोंडतं."

"आणि किल्ली?" शेठजींनी विचारलं.

"किल्ली कुणाला द्यायची हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटत नाही. आपण तो मघाशी जीव घुसमटत असताना सोडवलात. बाहेर माझा शिष्य होता, हमरस्ता होता, आपलं सारं घरदार होतं. आपण कुणाला हाक मारलीत?"

मिरचीने लाल झालेले शेठजींचे डोळे पुन्हा भरून आले. पण आता ते मिरचीमुळे नव्हतं.

"मात्र एक किल्ली त्याच्याकडे आणि दुसरी आपल्याकडे ठेवा. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडू नये," वृद्ध पुढे म्हणाले. "हे त्याच्यावरच्या अविश्वासापायी नव्हे. उद्या काही गेलं तर सारा आळ पुन्हा त्याच्या एकट्याच्या माथी येऊ नये म्हणून. चांगली व्यवस्था चोराला अडवते, आणि त्याहून अधिक ती प्रामाणिक माणसाला जपते."

शेठजी सटवाजीपुढे गेले. "सटवाजी, चुकलो मी. बोचकं सोड. कुठं जायचं नाही."

सटवाजीने पागोट्याचं ओलं टोक पिळलं. मग म्हणाला, "मालक, बोचकं म्या बांधलं न्हाई. कारभारणीनं बांधलंय. समदी रात रडत बांधलंय. सोडायचं का न्हाई, ते तिला इचारा."

तेव्हा शेठजी झोपडीकडे निघाले. एवढी वर्षं ती झोपडी त्यांच्याच जागेत होती, पण ते तिच्या दाराशी कधी गेले नव्हते. दार म्हणजे कुडाची एक ताटी. तिला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, आणि ती अर्धी उघडीच होती. शेठजी उंबऱ्याशी थांबले. हाक मारावी तर त्या बाईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते उन्हात नुसतेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "शेठ, दाराला कुलूप न्हाई आमच्या," ती म्हणाली. "मग थांबलाव कशापायी?"

"तुम्ही या म्हणाल म्हणून," शेठजी म्हणाले.

त्यांचे सुजलेले डोळे, अंगरख्यावरचा लाल डाग, सारं तिने पाहिलं. मग ताटी हाताने मागे सारली.

"या," ती म्हणाली. तिने आधी त्यांना पाणी दिलं. बोचकं मग सोडलं, सावकाश, एकेक गाठ.

फाटकाशी उभा असलेला शिष्य हे पाहत होता. परतीच्या वाटेवर त्याने गुरूंना काहीही विचारलं नाही, आणि ते त्याच्या बाबतीत प्रथमच घडलं.

दारासाठी काही विकत घ्यायला बाजारात निघण्याआधी माणसाने एकदा दिवा मालवून आपल्याच दुकानात बसावं, उजेड कुठून येतो ते पाहावं, आणि संकटाच्या वेळी आपल्या तोंडी कुणाचं नाव येईल तेही.