शेवाळाचा मासा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या गावांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. कारण यातली चूक मोठ्या माणसांची आहे.

दरीच्या काठाला एक गाव होतं. गावात रस्ता एकच. त्याच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला खांद्याइतकी उंच दगडी भिंत. गुरांना ओढ्यावर न्यायला त्या भिंतीत मध्येच एक वाट सोडलेली होती. ती वाट इतकी उतरणीची, की गुरंसुद्धा तिथे जपून पाय टाकायची.

त्या गावात एक आजी राहायची. तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालावं तर तिनंच. पाय पसरून बसायची, नडगीवर बाळ पालथं घ्यायची आणि असं तेल चोळायची, की रडणारं बाळ अंगावर पाणी पडेपर्यंत पेंगायला लागायचं. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या पायांवर लोळलेला होता. पाटील मिशीला पीळ देत मोठमोठ्याने बोलू लागले, की आजी म्हणायची, "असू दे हो, पाटील. कान धुवायला घेतला की सारं गाव डोक्यावर घ्यायचास तू." मग पाटलांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आजीचे यजमान म्हणजे गावचे चुनेवाले आजोबा. पावसाळा सरला, की देवीच्या जत्रेआधी ती लांबलचक भिंत चुन्याने पांढरीशुभ्र करायची, ही गावाची रीत. पावसात भिंतीवर शेवाळ चढायचं आणि आजोबा ते शिव्या देत खरवडायचे. "शेवाळाचा कण जरी राहिला ना, तर देवी पाठ फिरवेल," असं ते हाताखालच्या पोरांना बजावायचे. पुढे गुडघे कुरकुरू लागले, तसं त्यांनी ते काम पोरांच्या हवाली केलं.

एका उन्हाळ्यात आजीची नजर गेली. डोळ्यांपुढे आधी धुकं आलं आणि मग काहीच येईना. तिनं ते फक्त आजोबांना सांगितलं.

"अहो, कुणाला बोलू नका हं. मला दिसत नाही हे कळलं, तर माझ्या पायांवर कोण बाळ देईल? आणि बाळ नाही, तर मी दिवसभर करू काय?"

न्हाऊ घालायला तिला डोळे लागतच नव्हते. हातांना सगळं पाठ होतं. अडचण होती ती चालण्याची. भिंतीला हात लावून ती चालली असती, पण समोर कुणाचं घर आलं हे कसं कळायचं? आणि ती उतरणीची वाट कुठे सुरू होते, हे कसं कळायचं?

"मी येतो ना रोज तुझ्याबरोबर," आजोबा म्हणाले.

"म्हातारा बायकोच्या मागेमागे का हिंडतो, असं विचारतील लोक. मग काय सांगाल?"

आजोबा विचारात पडले. ज्याच्याशी जन्मभर भांडलो, त्याच्या सगळ्या खोडी माणसाला माहीत असतात. शेवाळाला कुठली सावली आवडते, ते आजोबांना ठाऊक होतं. ताक सांडलेल्या दगडावर ते सगळ्यात जोमाने धरतं, हेही ठाऊक होतं. पहिल्या सरी पडून गेल्या आणि आजोबा लोटा घेऊन घरोघरी फिरू लागले. "पोटात आग पडलीय, जरा ताक घाला." ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. आजोबांनी भांडं तेवढं पुढे केलं, बाकी सगळं लपवलं.

घरी येऊन ते ओढ्याकाठचं शेवाळ त्या ताकात कालवायचे, वर गुळाचा खडा चुरायचे आणि पहाटे कुंचल्याने भिंतीवर माखायचे.

"कुंभाराच्या घरासमोर काय काढू?"

"माठ काढा."

"आणि पाटलांच्या घरासमोर?"

"मिशी!" आजी म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली.

उतरणीच्या वाटेच्या जरा अलीकडे आजोबांनी मासा काढला. चांगला हातभर लांब. "बोटांना मासा लागला की थांबायचं. मग रस्त्याच्या मधून दहा पावलं मोजायची आणि पुन्हा भिंत धरायची. कळलं?"

पाऊस वाढला, तशी चित्रं फुगली, मऊ झाली. सगळी भिंतच हिरवट असल्याने डोळ्यांना ती वेगळी दिसत नव्हती. आजीच्या बोटांना मात्र सगळं दिसत होतं. ती भिंतीवरून हात फिरवत जायची, मिशीपाशी गालात हसायची, माशापाशी थांबायची. गावाला वाटायचं, वय झालंय, आधार घेऊन चालते बिचारी.

जत्रा जवळ आली, तसा आजोबांचा जीव वरखाली होऊ लागला. यंदा चुना नको, असं पोरांना सांगायला हवं होतं. पण ज्यानं जन्मभर शेवाळ खरवडायला शिकवलं, त्यानं ते जपा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत ते राहूनच गेलं.

इकडे पोरांच्या मनात आजोबांविषयी भारी माया. यंदा त्यांना कळायच्या आत भिंत पांढरी करायची आणि त्यांना चकित करायचं, असं त्यांनी ठरवलं. एके दिवशी उजाडायच्या आधीच ती कामाला लागली. अगदी आजोबांनी शिकवलं होतं तसं कण न् कण खरवडला आणि वर चुन्याचे दोन हात दिले.

आजोबा चित्रांच्या डागडुजीसाठी शेवाळ आणायला पोरांच्याही आधी, अंधारातच खाली ओढ्यावर गेले होते. आजी नेहमीप्रमाणे कुंभाराच्या सुनेच्या बाळाला न्हाऊ घालायला निघाली. भिंत ओली लागली, गुळगुळीत लागली. ओल्या चुन्याने तळवा चरचरला. मिशी आली नाही. मासाही आला नाही. आणि एकदम हाताखालची भिंतच संपली.

आजोबांनी वर पाहिलं, तर आजी उतरणीच्या तोंडाशी आणि तिचा पाय हवेत. ते कुरकुरणारे गुडघे घेऊन तिथवर धावणं काही जमणार नव्हतं. ते सगळा जीव एकवटून ओरडले, "अगं थांब! अरे धरा तिला! तिला दिसत नाही रे!"

एका पोरानं कुंचला टाकला आणि आजीला कवेत धरलं.

आजी वाचली, पण इतके दिवस जपलेली गोष्ट साऱ्या गावाला कळली. ती तिथेच खाली बसली आणि चुन्याने माखलेला हात पदराला पुसत रडू लागली. आजोबा धापा टाकत वर आले आणि त्यांनी सगळं सांगितलं, ताकाचं आणि माशाचंही.

"आजोबा, एका शब्दानं बोलायचं होतंत," ज्या पोरानं मासा खरवडला होता, तो म्हणाला.

तेवढ्यात कुंभाराची सून आली. कडेवर बाळ भोकाड पसरून रडत होतं.

"आजी, कधीपासून दिसत नाही?"

"उन्हाळ्यापासून गं."

"माझा बाळ तर श्रावणातला. म्हणजे त्याचं तोंडही न बघता तुम्ही रोज त्याला न्हाऊ घातलंत, आणि मला कधी शंका आली नाही." तिनं बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं. "चला बघू आता. पाणी निवतंय."

आजीचा हात पाठीवरून फिरला आणि बाळ गप्प झालं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाटलांनी घसा खाकरला.

"माझ्या घरासमोर काय काढलं होतं म्हणे?"

"मिशी," आजीनेच सांगितलं.

सगळं गाव हसलं आणि पाटील सगळ्यांहून जास्त. "मग ती पुन्हा उगवलीच पाहिजे. पहिला लोटा ताक माझ्या घरचं!"

चुन्यावर शेवाळ धरत नाही. म्हणून पोरांनी चित्रांच्या जागचा चुना खरवडून काढला. घराघरातून ताक आलं, आजोबा बसल्या जागेवरून ओरडत राहिले आणि पोरं कुंचले चालवत राहिली. चित्रं पुन्हा धरेपर्यंत गावातल्या लेकी आजीचा हात धरून तिला दारोदारी नेऊ लागल्या. त्या वर्षी देवीची पालखी त्या ठिगळाठिगळांच्या भिंतीजवळून गेली. देवीने पाठबीठ काही फिरवली नाही.

आजी-आजोबा जाऊन कैक पिढ्या झाल्या. पण त्या गावात बाळ पहिल्यांदा घराबाहेर पडतं, तेव्हा त्याचा इवलासा हात आधी भिंतीवरच्या हिरव्या माशाला लावतात.

तात्पर्य : अडचण आपल्या माणसांपासून लपवली, तर तीच माणसं मायेपोटीही घात करून बसतात; सांगितली, तर तीच आपला आधार होतात.