वाटीत टाकलेली काडी

खंडेनवमीला जिनिंग मिलमध्ये नव्या इंजिनाची पूजा व्हायची होती, पण इंजिन कोणतं आणायचं यावरच वाद पेटला. चेअरमन दौलतरावांना पेट्रोलचं हवं होतं. हलकं, झटकन सुरू होणारं. ते बसणार होतं कापसाच्या ढिगांशेजारी, जिथे ईश्वरीची आई कापूस निवडायची.

"काका, डिझेलचं घ्या. जड असतं, पण दिवसभर ओढतं आणि आगीची भीती कमी," नुकतीच इंजिनियर झालेली ईश्वरी म्हणाली.

"दोन्ही तेलंच! दोन्ही सारखीच पेटतात. तू पुस्तकं मिट, पोरी."

ईश्वरीने अंगणात वाटीभर डिझेल ओतलं आणि पेटती काडी थेट त्यात टाकली.

एकच किंकाळी उठली. पूजेची तयारी करायला आलेले भटजी ताम्हण टाकून पळाले. दौलतराव खांबाआड गेले.

चुर्र! काडी विझली.

मग तिने दुसऱ्या वाटीत पेट्रोल ओतलं आणि काडेपेटी दौलतरावांपुढे धरली.

"सारखीच पेटतात ना, काका? मग ही काडी तुम्ही टाका. आम्ही फाटकाबाहेर थांबतो."

दौलतरावांचा हात काही पुढे येईना. अखेर घाम पुसत ते मुनीमजींवरच खेकसले, "बघताय काय? डिझेलवाल्याला फोन लावा!"