मांडीचा धोंडा

समोर दिसतो तो वानरकडा. त्याच्या पायथ्याशी उंबराखाली जो सपाट काळा धोंडा आहे, त्याला मांडीचा धोंडा म्हणतात. दम खायला बसायचं असेल तर जरा अलीकडे बसा. त्याच्यावर आमच्यातलंही कोणी उगाच टेकत नाही. देव नाही तो. शेंदूर, नारळ काही दिसणार नाही तुम्हाला. पण वाडीत एखाद्या विधवेचं दुसरं लग्न, ज्याला आम्ही पाट म्हणतो, ते ठरलं आणि तिच्या पदरी आदल्या नवऱ्याचं मूल असलं, तर नव्या नवऱ्याला आधी इथं यावं लागतं. असं का, ते मोठ्यांकडून ऐकलं तसं सांगतो.

फार मागे या वाडीत नवसू नावाचा माणूस होता. कड्यावरचा मध काढावा तर त्यानंच, असं सांगतात. ओढ्याकाठची भाताची खाचरं त्याची होती. बायको ठकी आणि नुकता रांगायला लागलेला मुलगा गोमा, एवढाच त्याचा संसार. एका उन्हाळ्यात मधाच्या पोळ्याशी लोंबकळत असताना वेल तुटला आणि नवसू खाली आला. त्याला उचलायला गेलेल्या माणसांना फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

ठकी रडली, उठली आणि कामाला लागली. रोज शेळ्या घेऊन ती या कड्याखाली यायची. उंबराच्या फांदीला झोळी बांधायची, पोराला त्यात निजवायची आणि बसून राहायची. बसल्या बसल्या वर कड्यावरची वानरं दिसायची. एक मोठा हुप्या, त्याच्या वानरी आणि त्यांची पोरं. बघता बघता तिला एकेक वानरी ओळखू यायला लागली म्हणे.

त्याच दिवसांत कुठून तरी एक परका हुप्या आला. दोघांची जुंपली. जुन्याचा कान फाटला, हात फाटला, आणि तो पलीकडच्या रानात निघून गेला. टोळी नव्याची झाली. त्यानंतर जे झालं ते ठकीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. नव्या हुप्यानं वानरींच्या अंगावरची पोरं हिसकली आणि चावून मारली. सगळी एकदम नाही. आज एक, मग पुन्हा एक. वानरी पोराला पोटाशी धरून या कपारीतून त्या कपारीत पळायच्या, दोघी-तिघी मिळून त्याच्या अंगावर जायच्या. पण त्याला घाई नव्हती. तो बसून राहायचा. कधीतरी वानरीला झोप लागायची.

एक वानरी मेलेलं पिल्लू घेऊन फिरत राहिली. ते सुकून चामड्यासारखं झालं तरी तिनं सोडलं नाही. मग एका सकाळी तिच्या हातात पिल्लू नव्हतं. ती हुप्याच्या मागे बसली होती आणि त्याच्या पाठीतल्या गोचिड्या वेचत होती. ठकीनं दगड उचलून तिला मारला, असं सांगतात. हुप्याला नाही, तिला.

हे सगळं ठकीनं वाडीत सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं, दळताना सांगितलं. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, जनावरांची रीत ती, आपण बघू नये. पण गोष्ट घरोघर गेली आणि ज्याच्या त्याच्या ध्यानात राहिली.

नवसूचा थोरला भाऊ बुधाजी. वाडीत त्याचा शब्द चालायचा. पावसाळा जवळ आला तसं त्यानं ठकीच्या पाटाचं काढलं. बाई तरणी, खाचरं पडीक राहणार, पोराला कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. घाटाखालच्या वाडीतला हैबती नावाचा गडी त्यानं पाहिला होता. अंगानं दणकट, कामाला वाघ, आणि स्वतःची जमीन नसल्यामुळे इथं येऊन राहायला तयार. ठकी पंचांपुढे उभी राहिली. मी पाटाला नाही म्हणत नाही, पण पोर चालायला लागू दे, बोलायला लागू दे, असं तिनं विनवलं. कोणीतरी विचारलं, हैबतीला तू हुप्या समजलीस काय. पंच हसले. हैबतीही हसला. मग त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला की पोराला अंतर देणार नाही. पाट लागला.

हैबती वाईट वागला नाही, हे सगळे सांगतात. तो दारू प्यायचा नाही, ठकीवर त्यानं कधी हात टाकला नाही. खाचरांचे बांध त्यानं असे घातले की बुधाजी लोकांना नेऊन दाखवायचा. फक्त दोन गोष्टी होत्या. गोमाला तो कधी नावानं हाक मारायचा नाही. 'ते पोर' म्हणायचा. आणि कोणी बोलण्याच्या ओघात नवसूचं नाव काढलं की उठून जायचा.

वर्ष फिरलं. ठकीला दिवस गेले. तिनं हैबतीला सांगितलं तेव्हा तो फार खूश झाला. त्याच संध्याकाळी तो बुधाजीकडे गेला आणि विचारलं, ही खाचरं पुढं कोणाची? बुधाजीला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, गोमाची, दुसरी कोणाची? नवसूचं रक्त आहे ते. तुझ्या पोरांना तू रान तोडून नवी जमीन कर, तुझ्या अंगात बळ आहे. हैबती बरं म्हणाला आणि घरी आला.

लावणीचे दिवस होते. सगळ्या बायका खालच्या अंगाला एका शेतावर लावणीला गेल्या होत्या, ठकीही गेली. हैबती म्हणाला, मी शेळ्या नेतो, पोरालाही नेतो. दुपार कलली तसा तो गोमाला हातांवर घेऊन वाडीत आला. पोराची मान लुळी पडली होती. हैबती रडत होता. त्यानं सांगितलं की तो शेळ्या वळवायला गेला असताना हुप्या खाली उतरला, झोळीतून पोर उचललं आणि कड्यावर नेऊन खाली टाकलं.

कोणीही शंका घेतली नाही. का घ्यावी? हुप्या पोरं मारतो हे ठकीनंच वाडीभर सांगितलं होतं.

गोमाला पुरलं आणि सगळी वाडी काठ्या, गोफणी घेऊन कड्यावर चढली. हैबती सगळ्यांच्या पुढे होता. हुप्या पळाला नाही म्हणे. वानरींना आणि त्यांच्या नव्या पिल्लांना मागे घालून तो दात विचकत उभा राहिला आणि तिथंच ठेचला गेला. त्याचं धूड फरफटत आणून लोकांनी ठकीच्या दारात टाकलं. बाईच्या जिवाला तेवढंच समाधान, असं त्यांना वाटलं.

ठकी बाहेर आली. तिनं खाली बसून हुप्याकडे पाहिलं, त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला. मग ती उभी राहिली आणि बुधाजीला म्हणाली, "दाजी, मी ह्याला रोज बघितलाय. ज्या वानरीशी राहतो तिचं आदल्या हुप्याचं पोर मारतो हा. दुसऱ्या कुणाच्या पोराकडं ढुंकून बघत नाही. माझा गोमा ह्याचा कोण लागत होता?"

अंगणात सगळी वाडी होती. प्रत्येकाला कळलं. लोक हैबतीकडे बघायचं टाळून एकमेकांकडे बघू लागले. बुधाजीला तर सगळ्यात आधी कळलं असणार, कारण खाचरांचं बोलणं त्याच्याशीच झालं होतं. पण हैबतीला धरायचा तर पाट कोणी लावला, पंचांत कोण हसलं, हेही निघालं असतं. ठकीच्या पोटातलं मूल उघड्यावर पडलं असतं. लावणी अर्धी राहिली होती. बुधाजी म्हणाला, "बाई दुःखात आहे. घरात न्या तिला."

तेव्हा हैबती पुढे झाला, त्यानं ठकीचा हात धरला आणि तिला घरात नेलं. लोक आपापल्या घरी गेले.

कड्यावर काय झालं तेही सांगितलं पाहिजे. हुप्या मेल्यावर टोळीला राखण उरली नाही. लवकरच तिसराच एक हुप्या आला आणि त्यानं मेलेल्याची सगळी पोरं मारली. वानरींचं ओरडणं खाली वाडीत ऐकू यायचं. लोक दारं लावून घ्यायचे.

ठकी कुठं जाणार होती? माहेरी कोणी नव्हतं, पोटात मूल होतं. ती त्याच घरात राहिली. हैबतीला तिनं मुलगे दिले. त्याला जेवायला वाढलं, आजारात त्याची पाठ चोळली. कड्याखाली मात्र ती शेळ्या घेऊन परत गेली नाही. दगड मारलेल्या त्या वानरीचा विषय निघाला की म्हणायची, मी तिला मारायला नको होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाडीत एका विधवेचा पाट ठरला. तिला लहान मुलगी होती. मांडव घातला, माणसं जमली, आणि ठकी उठून उभी राहिली. आता ती म्हातारी झाली होती. ती म्हणाली, आधी कड्याखाली चला. तिला नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, कारण त्या अंगणात उभे असलेले पुष्कळ जण अजून जिवंत होते. इथं आल्यावर तिनं नव्या नवऱ्याला या धोंड्यावर बसवलं, मुलीला त्याच्या मांडीवर दिलं आणि सांगितलं, हिच्या मेलेल्या बापाचं नाव घे. सगळ्यांना ऐकू जाईल असं घे. मग म्हण, त्याचं लेकरू माझ्या मांडीवर आहे.

त्या माणसानं म्हटलं. हैबती गर्दीत उभा होता. तो जायला वळला तेव्हा ठकीनं त्याला हाक मारली आणि जागेवरून हलू दिलं नाही. त्यानंतर तो जगला तोवर वाडीत जेवढे पाट लागले, त्या प्रत्येकाला तिनं त्याला इथं आणून उभं केलं. तो खाली मान घालून ऐकायचा. ती त्याला काही विचारायची नाही.

आजही पाटाच्या दिवशी असंच होतं. पोर मांडीवर रडलं तर पाट त्या दिवशी लागत नाही. आता नवे नवरे मुंबई-पुण्याहून गाडी करून येतात, त्यांना हसू येतं, तरी धोंड्यावर बसतात आणि नाव घेतात. पण त्यांच्याही आधी एक नाव घ्यावं लागतं. 'नवसूचा गोमा', एवढंच. ते हैबतीच्या वंशातल्या थोरल्यानं घ्यायचं, असा ठकीचा दंडक आहे.

नवसूचं या वाडीत कोणी उरलं नाही. ओढ्याकाठची खाचरं आम्ही कसतो. माझ्या बापानं ते नाव घेतलं, आता मी घेतो. एवढी वर्षं झाली तरी तोंडातून चटकन निघत नाही ते.