गच्चीतला एक कोपरा

एकदा एक तरुण ठेकेदार खांद्यावर घण टाकून धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या नव्या गोदामाकडे निघाला. गोदाम त्यानेच बांधले होते आणि शेवटचे चार लाख चार महिने अडकले होते. आठवड्याने त्याच्या बारा मजुरांची गावची गाडी होती. त्यांची मजुरी याच पैशांतून निघायची होती.

वाटेत वृद्ध मिस्त्रीने त्याला अडवले. गवंडीकाम तो याच म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकला होता.

"घण घेऊन कुठे?"

"भिंत पाडायला, अण्णा. पैसे मिळेपर्यंत ती माझीच आहे."

"शेठ काय म्हणतात?"

"गच्ची गळते म्हणे, पैसे विसरा. नुसता बहाणा!"

"गळते का?"

शिष्याने नजर चुकवली. "एका कोपऱ्यात. थोडीशी."

मिस्त्रीने घण काढून घेतला आणि त्याच्या हातात थापी दिली. "चल. तुझ्या सिमेंटने दुरुस्त कर."

शिष्याच्या डोक्यात तिडीक गेली. बुडवणाऱ्याचीच फुकट चाकरी! पण म्हाताऱ्याचा शब्द त्याला मोडवेना. कोपरा फोडून त्याने नव्याने बांधला, त्यावर तीन दिवस पाणी मारले. मग मिस्त्रीने गच्चीची पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजवली आणि घोटाभर पाणी साठवले. खाली शेठ आणि शेजारचे चार व्यापारी यांना बसवून तो म्हणाला, "दोन दिवस बघा. थेंब पडला तर शेठ खरे, आम्ही खोटे."

दुसऱ्या दुपारी शेठ ओरडले, "आला! तो बघा ओला डाग!"

एक व्यापारी शिडी लावून चढला, त्याने छतावर बोटे फिरवली. "जुना डाग आहे, शेठ. कोरडा ठणठणीत."

काम पूर्ण झाले, गच्ची गळत नाही, असे मिस्त्रीने तिथेच लिहिले. चौघांनी सह्या केल्या.

"पुढच्या महिन्यात बघू," शेठ पुटपुटले.

"बघा की," मिस्त्री म्हणाला. "आम्ही उद्या हा कागद वकिलाला दाखवतो."

चौघे व्यापारी शेठकडे बघत राहिले. रोजचा उधारीचा व्यवहार त्यांचा याच माणसाशी होता. शेठनी मुनीमजींना हाक मारली आणि चार लाख मोजायला सांगितले.

परतताना मिस्त्री म्हणाला, "भिंत पाडली असतीस, तर पोलिसांत तुझे नाव गेले असते. तडक कोर्टात गेला असतास, तर तिथेही पहिला प्रश्न गळतीचाच निघाला असता. शेठच्या खोटेपणाला टेकू तुझ्याच कामाचा होता. तो तेवढा आपण काढून घेतला."

"आणि तरीही दिले नसते तर?"

"तर लढलो असतो. शेवटच्या रुपयापर्यंत. मी आलो असतो तुझ्याबरोबर."

तो कोपरा आपण घाईत उरकला, हे शिष्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते; चार महिन्यांच्या संतापात त्याने ते स्वतःलाही कळू दिले नव्हते.

आपली चूक आधी आपणच निस्तरावी. मग मात्र हक्काचा एक पैसाही सोडू नये.