कोंढऱ्याची हौसाक्का

आमच्या खोऱ्यात टेलिफोनची तार आली नव्हती आणि निरोप माणसाच्या पायानंच जायचा, तेव्हाची ही हकीकत. कोंढरे गावात एक दिवस हौसाक्का परत आली. तरणीताठी असताना ती गाव सोडून गेली होती आणि वीस वर्षांनी आली, ती एक ट्रंक आणि एक मोठा तपकिरी चेंडू घेऊन. शहरात मुलींच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसायचं, आणि भाकऱ्या थापता थापता ती बास्केटबॉल शिकली, असं म्हणतात.

गावाला पहिल्या दिवसापासून तिचा संशय आला. एकटी बाई, वीस वर्षं बाहेर राहिलेली, परत का आली? तिनं लोहाराकडून लोखंडी कडं वाकवून घेतलं, ते खांबावर ठोकलं आणि पोरींना गोळा केलं. पोरांना नाही, पोरींनाच. का? मग ती शेजारच्या गावांत गेली, आवळीत, तांबेमाळात, खडकवाडीत, पार तालुक्याच्या वेशीवरच्या शिरट्यापर्यंत. पाच गावांत पाच संघ झाले आणि दर रविवारी एका गावच्या मुली दुसऱ्या गावी खेळायला चालत जाऊ लागल्या. हौसाक्का त्याला साखळी सामने म्हणायची.

“साखळी कसली?” लोक म्हणायचे. “पोरींना बांधून न्यायची का?”

त्यातून ती दर महिन्याला मुलींची उंची मोजायची आणि चिंचेच्या खोडावर चुन्यानं खुणा करायची. खेळात कुणी कुणाला अडवायचं ते ठरवायचं तर उंची कळायला हवी, एवढंच तिचं म्हणणं. पण बाजारात बैलाचे दात बघतात तशी ही पोरी बघते, असं बायका विहिरीवर बोलायच्या. बोलायच्या, तरी पोरींना पाठवायच्या, कारण पोरी ऐकत नव्हत्या. खेळाचा तिचा नियम एकच होता. चेंडू धरून पळायचं नाही, पुढच्या हातात द्यायचा. म्हणतात की तिसऱ्या वर्षी त्या पोरी डोळे मिटूनही एकमेकींना चेंडू द्यायच्या आणि तो कधी खाली पडायचा नाही.

सगळ्यात जास्त संशय होता आबा पाटलांना. त्यांची स्वतःची मुलगी यमुना कोंढऱ्याच्या संघात होती. खोऱ्यात सगळ्यात उंच, आणि दहा चेंडूंतले आठ कड्यातून टाकणारी. आबा सामन्याला यायचे ते खेळ बघायला नाही, हौसाक्कावर नजर ठेवायला.

चौथ्या वर्षी सुगी उरकल्यावर एक जीप आली. आतून पांढऱ्या कपड्यातला एक साहेब उतरला, गळ्यात शिट्टी. तालुक्याच्या गावात मुलींचं क्रीडागृह आहे, राहणं-खाणं-शाळा सगळं तिथं, आणि तीन मुली निवडायला आलोय, असं त्यानं सांगितलं. गाव हरखलं. चावडीत त्याच्यासाठी गादी घातली. पोरींनी त्याला खेळून दाखवलं आणि त्यानं तीन नावं सांगितली. सुंदरा, मैना आणि ठकू.

हौसाक्कानं हातातला चेंडू साहेबाकडे फेकला, पोरींकडे फेकायची तसाच सरळ छातीवर. साहेबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चेंडू त्याच्या खांद्याला लागून गादीवर पडला.

लोक तिलाच रागावले. आबांनी तिला बाजूला घेतलं.

“तुझी सद्दी संपतेय म्हणून पोटात दुखतंय का?”

“आबा, एक सांगा,” हौसाक्का म्हणाली. “यमुनाला त्यानं का नाही घेतलं?”

“पाटलाची मुलगी मागायला भ्याला असेल.”

“सुंदराला चेंडू टाकता येत नाही. मैना दहा पावलं पळाली की दमते. ठकू कालपरवा आलीय. पण सुंदराला बाप नाही, मैना मामाकडं राहते आणि ठकूच्या आईला ऐकू येत नाही. या तिघींच्या मागं विचारायला कोण जाणार? त्यानं खेळ बघितलाच नाही, आबा. त्यानं घरं विचारली. मी ऐकलंय.”

आबांनी वळून चावडीतल्या साहेबाकडं पाहिलं. मग म्हणाले, “मला तुझ्यावर भरवसा नाही. आता त्याच्यावरही नाही. काय करायचं म्हणतेस?”

“तालुक्याच्या गावात, जुन्या वखारीमागं क्रीडागृह आहे, असं तो सांगतो. माझ्या पोरी बघून येतील. तोवर त्याला सोडू नका.”

“दहा कोस आहे ते. तो तर आत्ताच निघतो म्हणतोय.”

“मग त्याला जेवायला घाला.”

आबांनी बोकड कापायला सांगितलं, आणि पाटलाचं जेवण टाकून साहेबाला निघता येईना. तिकडे यमुना निघाली. पाठीवर वेणी आपटत ती आवळीपर्यंत धावली आणि तिथल्या संघाच्या कानात निरोप घातला. आवळीची पोर तांबेमाळाला, तांबेमाळाची खडकवाडीला, खडकवाडीची शिरट्याला. पायातल्या वहाणा त्यांनी बांधावरच टाकल्या. कुणी विचारलं तरी थांबल्या नाहीत. निरोप त्या दिवशी वाऱ्याच्या पुढं गेला, असं म्हणतात. शिरट्याच्या पाचही जणी तालुक्याच्या गावात शिरल्या आणि वखारीमागं पोचल्या. त्यातली एक उलटी फिरली आणि उत्तर त्याच वाटेनं हातोहात परत आलं. मटण शिजून पंगत उठते तोच यमुना चावडीच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

“काय आहे तिथं?” आबांनी विचारलं.

“मैदान नाही. एक घर आहे. खिडक्या विटांनी बुजवल्यात. दाराला कडी बाहेरून आहे, तिला कुलूप आहे आणि आतून कुणीतरी दार वाजवतंय.”

“चार तोंडांतून आलेला निरोप. तो बदलला नसेल कशावरून?”

“आम्ही खाली पाडत नाही, आबा,” यमुना म्हणाली.

साहेब हात धुवायचं निमित्त करून जीपकडे गेला होता. त्यानं इंजिन सुरू केलं. चाकं गरगर फिरली, धूळ उडाली, पण जीप तसूभर हलली नाही. वाटेवर कोंढऱ्याच्या पोरी मांडी घालून बसल्या होत्या आणि जमिनीनंच ती चाकं धरून ठेवली, असं म्हणतात. काही लोक असंही म्हणतात की हौसाक्कानं मागच्या चाकांखाली आधीच खड्डा खणून ठेवला होता. तिला विचारलं की ती म्हणायची, मी तर भाकऱ्या वाढत होते. गावानं साहेबाला धरून फौजदाराच्या हवाली केलं. तिकडं शिरट्याच्या चौघींनी त्या दारापुढं बसून एवढा आरडाओरडा केला होता की सगळी पेठ जमली. कुलूप फोडून कडी काढली तेव्हा आतून दोन मुली निघाल्या, कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या. त्यांची बोली कुणाला कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबा हौसाक्काच्या खोपटाशी गेले आणि बाहेरच उभे राहिले.

“तुला कसं कळलं?”

“मला कळलं नव्हतं. मला संशय आला होता.” ती चूल फुंकत होती, तिनं मान वर केली नाही. “मागच्या वेळी संशय आला नव्हता. माझी धाकटी बहीण अशाच एका माणसाबरोबर शिवणकाम शिकायला गेली. तिची पिशवी मीच भरून दिली, वाटेत खायला दशम्या दिल्या. मग वीस वर्षं शहरात राहिले. सुट्टी मिळाली की गल्ल्या हिंडायचे. सापडली नाही.”

आबा उंबऱ्यावर बसले आणि तिनं त्यांच्यापुढं भाकरी ठेवली.

गावानं तिची माफी मागितली असं कुणी सांगत नाही. पण आबांनी मैदानाला दुसरा खांब दिला आणि त्यानंतर दर रविवारी ते खेळ बघायला यायचे. हौसाक्का खूप म्हातारी होऊन गेली. ती गेली तेव्हा पाच गावच्या मुलींनी तिला खांदा दिला आणि स्मशानाच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी असून एकीचाही पाय भिजला नाही, असं म्हणतात.

साखळी सामने अजून होतात. आता गावं अकरा झालीत. आणि खोऱ्यातली मुलगी बाहेर जायची असली, लग्न होऊन असो, शिकायला असो की नोकरीला, तर आधी तिच्या संघातल्या चौघी ती जिथं राहणार ते घर बघायला जातात. त्यांना हौसाक्काच्या चौघी म्हणतात. त्या दागिने विचारत नाहीत, जमीन विचारत नाहीत. शेजारणींशी बोलतात, खिडक्या उघडून बघतात आणि दाराला आतून कडी आहे ना, ती स्वतः लावून काढून बघतात. त्या घरच्यांना राग येतो. आमच्यावर विश्वास नाही का, असं ते विचारतात.

“अजून नाही,” चौघी सांगतात, आणि मगच चहाला बसतात.