ओवाळणीचा कडा

समोर दिसतो तो ओवाळणीचा कडा. पायथ्याच्या हिरड्यापासून पार माथ्यापर्यंत सगळी जमीन आमची, गभाल्यांची. तुम्ही शहरातून दोर आणलेत, हेल्मेटं आणलीत, वर परवानगीचा अर्जही लिहून आणलात, चांगलं केलंत. पण इथं चढायची परवानगी अर्जावर मिळत नाही. कशी मिळते ते आधी ऐका. 

फार जुनी गोष्ट. तेव्हा कड्याच्या पोटात आग्या मोहोळं लटकायची. आमचा मूळपुरुष रावजी. त्याचा थोरला मुलगा मध काढताना इथूनच पडला. तेव्हापासून रावजीने माथ्याला आणि पायथ्याला काट्यांचं कुंपण घातलं, आणि कोणी आलं की कोयता घेऊन आडवा उभा राहायचा. माझ्या जमिनीवर पुन्हा कोणाचा जीव जायचा नाही, एवढंच म्हणायचा.

खालच्या पाड्यात कोंड्या नावाचा मध काढणारा होता. उन्हाळ्यात मध द्यावा तेव्हा पावसाळ्याची नागली, तुमची नाचणी, घरात यायची. कोंड्याची अडचण दुहेरी. एक तर कडा बंद. दुसरं, मध काढणाऱ्यांचा नेम असा की वरून सोडलेला दोर बायकोच्या भावानेच धरायचा. आपल्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? आणि कोंड्याच्या बायकोला, साळूला, भाऊच नव्हता.

तर या साळूने काय करावं? भर वैशाखात, भाऊबीज कुठल्या कुठे असताना, तबक घेऊन रावजीच्या दारात उभी राहिली. रावजीच्या बायकोला वाटलं, घरात दाणा नसेल बिचारीच्या. तिने नवऱ्याला पाटावर बसवलं. साळूने ओवाळलं. रावजीने तबकात पसाभर नागली घातली, तशी साळू म्हणाली, "नागली नको दादा. कडा द्या."

रावजी ताडकन उठला. "माझा ल्योक गेला गं तितं."

"म्हून तर दोर तुमीच धरायचा."

ओवाळणाऱ्या बहिणीला नाही म्हणता येत नाही.  रावजी कोयता उचलून निघाला आणि स्वतःच घातलेलं कुंपण तोडत सुटला.

सगळा पाडा पायथ्याशी जमला. रावजीने माथ्यावरच्या झाडाला वेढा देऊन दोर हातात घेतला, कोंड्या धुराची चूड घेऊन खाली उतरला. पहिलं मोहोळ कापलं आणि वारा फिरला. माश्या उसळल्या त्या थेट माथ्यावर. रावजीच्या मानेवर, ओठांवर, पापण्यांवर नुसत्या माश्या. हात मोकळे केले असते तर तोंड तरी झाकता आलं असतं. वर काय चाललंय ते साळूला दिसत नव्हतं, ती खालून ओरडत होती, "दादा, धरा." रावजीने दोर सोडला नाही. वीतवीत करत कोंड्याला वर घेतलं, आणि त्याचे पाय माथ्याला लागले तेव्हाच कोसळला, असं सांगतात.

साळू आडवाटेने धावत वर पोचली तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते. त्याने चाचपडत विचारलं, "आला का गं वर?" कोंड्याने त्याचा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. मुलगा गेला तेव्हाही न रडलेला रावजी त्या दिवशी पोटभर रडला म्हणे.

आजही कडा चढायला कोणी आलं की त्यांच्यातली एक जण गभाल्यांच्या कर्त्या माणसाला ओवाळते आणि कडा मागते. आम्ही नाही म्हणत नाही. तुमचे दोर पक्के, तुम्ही शिकलेली माणसं, माझ्या म्हाताऱ्या हातांची तुम्हाला गरज नाही हे मला कळतं. तरी दोराचं टोक माझ्या हातात राहणार. ये बाळ, निरांजन लाव, पाट मांडलाय. आणि चढताना घाई करू नका. तुमच्यातला शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत मला तसंही जेवण जात नाही.