द्वारकाबाईंचा अर्ज

एकदा एका गावाने निश्चय केला, की वर्षाच्या आत आपल्या साठ घरांची वीज सूर्याकडून घ्यायची.

गाव लहानच होते. साडेतीनशे उंबरे, एक बाजारगल्ली आणि डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या दोन वस्त्या. राज्याने छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांना अनुदान जाहीर केले होते. त्यात ग्रामपंचायतीने आपल्याकडून भर घातली: जो पॅनेल बसवील त्याची पाच वर्षांची घरपट्टी माफ. शिवाय तालुक्यातल्या ज्या गावात फाल्गुनअखेर साठ छपरे होतील, त्या गावाला मानाची ढाल मिळणार होती.

गावाच्या सरपंच कल्याणी या तरुण होत्या, शिकलेल्या होत्या, आणि त्यांच्या अंगी उत्साह होता. ठराव त्यांनीच लिहिला होता. त्यांनी गावभर फलक लावले, सभा घेतल्या, दवंडीसुद्धा दिली. चाळीस दिवस उरले तेव्हा बसलेली छपरे होती चार.

कल्याणींना अडचण आली की त्या केरबा गुरुजींकडे जात. गुरुजींनी छत्तीस वर्षे गावच्या शाळेत शिकवले होते. कल्याणी त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या, आणि सरपंच झाल्यावरही गुरुजींच्या ओसरीवर त्या सतरंजीच्या कडेलाच बसत. त्या दिवशी त्या गेल्या त्या एक कोरा अर्ज घेऊन.

"गुरुजी, भर चौकात तुमचं घर. एवढा मोठा स्लॅब. तुम्ही बसवलंत की गाव बसवील. सही तेवढी करा."

गुरुजींनी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी नाही बसवणार. निदान आत्ता नाही."

कल्याणी चकित झाल्या. सूर्यप्रकाशापासून वीज कशी होते हे ज्यांनी फळ्यावर आकृती काढून शिकवले, तेच गुरुजी नकार देत होते.

"मी बसवलं तर लोक काय म्हणतील? गुरुजींना पेन्शन आहे, त्यांना जमतं. माझ्या छपराकडे बघून कुणाचं धाडस वाढणार नाही," गुरुजी म्हणाले. "बरं, मला सांग, अर्ज करायची इच्छा आहे आणि केला नाही, असं कोण आहे?"

कल्याणींना पटकन एकच नाव आठवले. वरच्या वस्तीतल्या द्वारकाबाई. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. घरी मोटारीच्या दोन शिलाई मशिनींवर त्या शाळेचे गणवेश शिवत. दिवसभर मशीन चाले आणि शिलाईतला मोठा वाटा विजेच्या बिलात जाई. सभेत त्यांनी दोन प्रश्न विचारले होते, पण अर्ज काही आला नव्हता.

"मग उद्यापासून आपण द्वारकाबाईंचा अर्ज करू," गुरुजी म्हणाले. "तू, मी आणि त्या. सगळीकडे पायी आणि एसटीनं. प्रत्येक रांगेत उभं राहायचं. आणि तालुक्याला गेल्यावर तू सरपंच आहेस हे कुणाला सांगायचं नाही."

"गुरुजी, चाळीस दिवस राहिलेत! एका अर्जाच्या मागे मी फिरू?"

"हो."

पुढे काही समजावून न सांगता गुरुजी उठले आणि खुंटीवरची पिशवी झटकू लागले.

त्याच संध्याकाळी शहरातला एक व्यापारी पंचायतीत आला. तो सौर पॅनेलचाच धंदा करी. माणूस सरळ बोलण्याचा होता. म्हणाला, "मॅडम, बाजारगल्लीत आणि खालच्या आळीत मिळून साठ पक्की घरं मी हेरून ठेवलीत. कागद सगळ्यांचे चोख आहेत. तुम्ही फक्त माझ्याबरोबर दारोदार चला, चार शब्द बोला. महिन्यात साठ छपरं करून देतो. ढाल तुमचीच."

कल्याणींनी विचार करायला चार दिवस मागितले. मनातून त्यांचा कौल व्यापाऱ्याकडे होता. पण गुरुजींना नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे तालुक्याच्या वीज कार्यालयात गेले. रांग दाराबाहेर आली होती. दीड तासाने खिडकी आली. आतले गृहस्थ सभ्य होते.

"मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"मालकांच्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग त्यांना घेऊन यायचं ना."

"ते गेले. चार वर्षं झाली."

गृहस्थांनी मान खाली घातली. मग हलक्या आवाजात त्यांनी सांगितले, की आधी मीटर बाईंच्या नावावर व्हायला हवे. त्यासाठी घराचा उतारा त्यांच्या नावाचा लागेल. तो आणला की आठवड्यात काम होईल.

तिसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. अनुदान ज्या खात्यात यायचे, त्या खात्यावर द्वारकाबाईंचे माहेरचे आडनाव होते. तिथे फोटो काढा, झेरॉक्स आणा, साहेब जेवायला गेलेत, असे करता करता दुपारची एसटी चुकली. स्टँडवर बसल्या बसल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "दोन दिवस मशीन बंद आहे, ताई. तीस गणवेश द्यायचेत. एकटी असते ना, तर पहिल्याच खिडकीवरून मागं फिरले असते."

आपण ज्या सभेत योजना समजावून सांगितली, त्या सभेत या खिडक्यांविषयी एक अक्षरही काढले नव्हते, हे कल्याणींच्या ध्यानात येऊ लागले होते.

चौथ्या दिवशी उतारा घ्यायचा होता, म्हणून तिघे गावच्या पंचायतीत आले. कल्याणी टेबलामागे जाऊ लागल्या. गुरुजींनी खुणेने त्यांना द्वारकाबाईंजवळच थांबायला सांगितले. सरपंच टेबलाच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या पाहून कारकून गडबडून उठला.

"बसा," कल्याणी म्हणाल्या. "आज मी यांच्याबरोबर आलेय. यांच्या घराचा उतारा हवाय."

कारकुनाने रजिस्टर काढले. घर अजून द्वारकाबाईंच्या सासऱ्यांच्या नावावर होते.

"वारस म्हणून नाव लावायला अर्ज करावा लागेल," तो म्हणाला.

"दिलाय की," द्वारकाबाई पुटपुटल्या. "दोन वर्षं झाली. इथंच दिलाय."

"मग परत विचारायला का नाही आलात?" कल्याणींनी विचारले.

"तीनदा आले. मासिक सभेत ठेवू म्हणाले. सारखं सारखं काय विचारायचं? नंतर माझी मलाच लाज वाटायला लागली."

कपाट उघडले गेले. सर्वांत खालच्या कप्प्यात, जुन्या निवडणुकीच्या याद्यांखाली, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. कारकुनाने धूळ झटकली, कल्याणींनी गाठ सोडली. द्वारकाबाईंचा अर्ज त्यात होता. त्याच्या वर आणि खाली दुसरे अर्ज होते: कुणाचा बाप गेलेला, कुणाचा भाऊ वेगळा निघालेला, कुणाची सासू शंभरीला टेकून वारलेली. असे एकूण त्र्याहत्तर. कुठलाही अर्ज फेटाळलेला नव्हता आणि कुठलाही मंजूर नव्हता. सभेसमोर ते कुणी ठेवलेच नव्हते. आणि गेल्या चौदा महिन्यांच्या सभा कल्याणींच्याच अध्यक्षतेखाली झाल्या होत्या.

कल्याणींचा चेहरा उतरला. ज्या खोलीत बसून त्यांनी घरपट्टी माफीचा ठराव लिहिला, त्याच खोलीत तो ठराव अडून बसला होता. ज्याचे घर स्वतःच्या नावावर नाही, त्याला घरपट्टी माफ होऊन काय उपयोग?

द्वारकाबाई मशिनीकडे गेल्या. कल्याणी आणि गुरुजी पंचायतीच्या पायरीवर बसून राहिले.

"तुम्हाला हा गठ्ठा माहीत होता, गुरुजी?"

"नाही गं. माहीत असता तर चौदा महिने गप्प बसलो असतो का? चालत आलो म्हणून कळलं."

"मग मला हे का करायला लावलंत?"

गुरुजी सावकाश बोलू लागले. "कल्याणी, शाळेत मी पहिली काही वर्षं असंच करत होतो. धडा शिकवायचा आणि विचारायचं, समजलं का? वर्ग म्हणायचा, समजलं. मी खूश. मग एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून फळ्याचा अर्धा भाग दिसतच नव्हता. खिडकीचा उजेड त्यावर चमकत होता. मी शिकवत होतो ते खरं होतं, पण ते तिथवर पोहोचत नव्हतं. सवलतीचंही तसंच आहे. देणारा ती जाहीर करतो आणि त्याला वाटतं, दिली. पण घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत ती दिलेली नसते. मधल्या वाटेवर काय आहे, ते ठराव लिहिणाऱ्याला दिसत नाही, फलक लावणाऱ्याला दिसत नाही. ते त्या वाटेने चालणाऱ्यालाच दिसतं."

"आणि तो व्यापारी? तो काही वाईट सांगत नाही."

"मुळीच नाही. तो म्हणतो तशी साठ छपरं होतील, वीजही होईल, चांगलंच आहे. पण त्या साठांना तुझी गरज नाही. त्यांची दारं उघडीच आहेत. तो त्याच्या पायांनी जाईल. तुझे उरलेले छत्तीस दिवस कुणाला द्यायचे, एवढंच तुला ठरवायचंय."

कल्याणींनी दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला निरोप दिला: तुम्ही खुशाल घरोघर जा, पंचायतीचा प्रत्येक कागद तुम्हाला वेळेवर मिळेल, पण मी बरोबर येणार नाही. मला दुसरे काम आहे. व्यापारी हसला आणि जिथले सरपंच बरोबर फिरायला तयार होते, त्या शेजारच्या गावात गेला.

आठवड्यात विशेष सभा झाली. वादही झाला. सोपानराव नावाचे ज्येष्ठ सदस्य टेबलावर हात आपटून म्हणाले, "हातातली ढाल घालवताय तुम्ही! गावाचं नाव जाईल."

"जाईल कदाचित, काका," कल्याणी शांतपणे म्हणाल्या. "पण या त्र्याहत्तर लोकांची नावं आपल्या कपाटात कधीचीच गेलीत. ती आधी परत आणू."

सोपानरावांनी चष्मा लावला आणि गठ्ठा स्वतःकडे ओढला. वरून सातवा अर्ज त्यांच्याच चुलतभावाच्या विधवेचा निघाला. त्यानंतर त्यांनी ढालीचा विषय काढला नाही. ज्या अर्जांना हरकत नव्हती ते एकेक वाचून मंजूर झाले. भांडणाचे होते ते बाजूला काढून दोन्ही पक्षांना बोलावणे धाडले.

आणखी एक ठराव झाला. दर गुरुवारी पंचायतीत एक टेबल लागेल. वीज कार्यालयाचा माणूस आणि बँकेचा माणूस विनंती करून त्या दिवशी बोलावला जाईल, आणि अर्जदाराबरोबर शेवटच्या कागदापर्यंत पंचायतीचा एक माणूस राहील. घरपट्टीची माफी होती तशीच राहिली. पण लोक पुढे सांगू लागले, की खरी सवलत ते टेबल आहे.

फाल्गुन संपला तेव्हा गावात एकोणीस छपरे झाली होती. शेजारच्या गावात साठ झाली. ढाल तिकडे गेली. ढाल वाजतगाजत रस्त्याने नेली तेव्हा कल्याणी पंचायतीच्या दारात उभ्या होत्या. वाईट वाटले नाही असे नाही. पण त्यांनी मान खाली घातली नाही.

द्वारकाबाईंचे छप्पर अकरावे होते. वीज सुरू झाली त्या सकाळी त्यांनी दोन्ही मशिनी एकदम चालू करून पाहिल्या. महिन्याने बिल आले. आकडा एवढासा होता. पण त्या बराच वेळ आकड्याच्या वरची ओळ वाचत राहिल्या. घरच्या बिलावर त्यांचे नाव, पूर्ण आणि बिनचूक, पहिल्यांदाच छापून आले होते. त्या गुरुवारी त्या आपणहून पंचायतीत आल्या आणि टेबलाशी बसलेल्या एका घाबरलेल्या बाईला म्हणाल्या, "चला, बँकेत मी येते. तिथं कुठली खिडकी ते मला माहीत आहे."

पुढच्या वर्षभरात गावात एकशे बारा छपरे झाली. निम्म्याहून अधिक दोन्ही वस्त्यांतली होती. गुरुजींचे नव्वदावे होते. ते गुरुवारी रांगेत उभे राहून अर्ज देऊन आले.

हे ऐकून ढाल जिंकलेल्या गावचे सरपंच एकदा कल्याणींना भेटायला आले. म्हणाले, "ताई, आमची साठ झाली ती झालीच. एकसष्टावं होत नाही. अनुदान तेच, माफीही आम्ही तीच दिली. तुम्ही वेगळं काय दिलंत?"

कल्याणींनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारले, "तुमच्या गावात बसवायची इच्छा आहे पण अर्ज अडलाय, असं एखादं नाव सांगता?"

सरपंच आठवू लागले. एक नाव सुचले, पण खात्री वाटेना.

"नाही सांगता येत," शेवटी ते म्हणाले.

"मलाही एकच आठवलं होतं," कल्याणी म्हणाल्या. "पण एक पुरतं."

सरपंच उठले. फाटकाबाहेर त्यांची गाडी उभी होती. चालकाला त्यांनी सांगितले, "आपल्या गावच्या वेशीवर मला सोड नि तू पुढे हो. मी तिथल्या वस्तीतनं चालत येतो."

आपण जे देऊ केले, ते घेण्यासाठी माणसाला किती चालावे लागते, हे एकदा त्याच्याबरोबर चालून पाहावे.